कुत्रा हाकेला येत नाही? मग या चुका टाळा

मे महिना आणि गणपतीत चाकरमानी कुत्रे घेऊन गावी आले की आमच्याकडे गुहागरच्या समुद्रावर रोज तेच दिसतं, माणूस घसा फोडून ओरडतोय आणि कुत्रा पार लांब पुळणीच्या टोकाला.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आलेल्या कुत्र्याला मारणं. एकांचा लॅब्राडोर लाटांत खेळत होता, हाका मारून येईना, शेवटी आपणहून शेपूट हलवत आला तर मालकाने दोन चपला हाणल्या आणि पट्टा लावून गाडीत कोंबला. दुसऱ्या दिवशी तोच कुत्रा हाक मारली की जवळ यायचा पण हात पुढे केला की मागे सरायचा. मालक म्हणतात, मुद्दाम करतो. अहो काका, मुद्दाम कसलं, उशिरा आला म्हणून मार पडला हे त्याला कसं कळणार, त्याच्या डोक्यात एवढंच बसलं की जवळ गेलं की मार. मी त्यांना खाली बसायला लावलं, तोंड दुसरीकडे करा म्हटलं, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा. आला हळूहळू, पण गळपट्ट्याला हात लागला तसा अंग चोरून घेतलं त्याने. फार वाईट वाटलं मला.

म्हणून कितीही राग आला तरी आला की शाबासकी आणि खाऊ. पट्टा लावा, लाड करा, परत सोडा. बहुतेक वेळा परत सोडायचंच, नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला असं समीकरण होतं. आंघोळ घालायचीय, गोळी द्यायचीय, तर हाक मारू नका, उठून जाऊन घेऊन या.

दुसरी चूक घाईची. अंगणात चार दिवस आला की लोक लगेच किनाऱ्यावर मोकळा सोडतात. माझी पद्धत अशी की बंदरावर मिळतो तसला नायलॉनचा दोर, 10 मीटर, छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला बांधायचा (गळपट्ट्याला नको, धावताना मानेला हिसका बसतो) आणि हाताला गुंडाळायचा नाही. आधी पडवी, मग अंगण, मग आगर (नारळी-पोफळीची वाडी), मग ओहोटीला रिकामा किनारा. हिवाळ्यात तर दोर काढूच नका, कासवं अंडी घालून जातात आणि कुत्रे ती उकरतात. किनाऱ्यावर मेलेला केंड (फुगणारा मासा) पडलेला असला आणि त्याने तोंडात घेतला तर जिवावर बेतेल, तो मासा विषारी असतो.

बाकी, एकदाच हाक मारा, दहा वेळा नाव घेतलं की तो ऐकणं सोडतो. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा. मागे धावू नका, उलट दिशेने पळा. सुकटीचा वास सुटलेला असताना कोरड्या बिस्किटाला तो विचारत नाही, उकडलेली कलेजी ठेवा, सुकट मात्र खारट असते, ती नको.

आणि आठ-नऊ महिन्यांचा झाला की शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागतो. तेव्हा चिडू नका, दोर परत लावा आणि पडवीपासून परत सुरू करा.