जुन्या बीटलचं वय चेसिस नंबरवरून

फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटचा खालचा भाग उचला. मधल्या उंचवट्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. वायर ब्रश लावू नका, अक्षरं झिजतात. रॉकेलच्या फडक्याने पुसून खडू घासला की आकडे उठून दिसतात.

ऑगस्ट १९६४ पासूनच्या गाडीत तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा. ११७ म्हणजे १९६७. १९७० च्या मॉडेलपासून नंबर दहा आकडी झाला आणि चौथ्या जागी २ आला. म्हणून ११७२ ने सुरू होणारी गाडी १९७७ ची.

गफलत होते ती इथे: मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू होतं. ११७ ची गाडी ऑक्टोबर १९६६ मध्येही बनलेली असू शकते. इंजिन नंबरवरून मात्र वय ठरवू नका, या गाड्यांची इंजिनं सर्रास बदललेली असतात.