शेजारच्या आईला काय विचारावे, आणि कसे विचारावे

माहेरचे बाळंतपण आटोपून, तीन-साडेतीन महिन्यांचे बाळ घेऊन एखादी मुलगी पुण्याजवळच्या वाकडला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या आपल्या घरी परतते, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात येते की माहेरी जे न विचारता कळत होते ते इथे विचारावे लागणार आहे, आणि विचारण्याजोगे ओळखीचे कोणी आसपास नाही. आई फोनवर असते. पण या भागातल्या सरकारी दवाखान्यात लसीकरण कोणत्या वारी असते, कोणते पाळणाघर वर्षाच्या आतले बाळ घेते, रविवारी रात्री कोणते बालरोगतज्ज्ञ सापडतात, हे बीडला बसलेल्या आईला कसे ठाऊक असणार? ते ठाऊक असते समोरच्या इमारतीतल्या, दीड वर्षाच्या मुलामागे धावणाऱ्या बाईला. तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे, तिला काय विचारायचे आणि तिने सांगितलेल्यातले किती घ्यायचे, याविषयी हे टिपण आहे. मी स्वतः या वाटेने दोनदा गेले आहे. पहिल्यांदा बरेच चुकले.

चुकले ते मुख्यतः एका ठिकाणी. कोणता प्रश्न कोणाचा, हे मला कळले नव्हते. आता मी प्रश्नांची सरळ विभागणी करते. जागेशी बांधलेले प्रश्न, म्हणजे कुठे, कधी, कितीला, कोणाकडे, हे शेजारच्या पालकांना निःशंक विचारावेत, कारण त्यांच्याइतके अचूक उत्तर दुसरीकडे मिळत नाही. बाळाच्या शरीराशी बांधलेले प्रश्न, म्हणजे कोणते औषध, किती, किती वेळा, हे शेजारी कितीही प्रेमळ आणि अनुभवी असला तरी त्याला विचारू नयेत. माझ्या थोरल्याला ताप आला तेव्हा मी सोसायटीच्या गटात ‘काय देऊ?’ असे विचारले आणि पाऊण तासात अकरा उत्तरे आली. त्यातल्या एकीने पॅरासिटामॉल ‘अर्धा चमचा’ द्यायला सांगितले. ती आपल्या घरच्या सवयीने सांगत होती; तिच्या घरी सिरप होते आणि तिची मुलगी तीन वर्षांची होती. माझ्या हातात थेंबांची बाटली होती. बाजारात मिळणाऱ्या थेंबांत बहुधा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच अर्ध्या चमच्यात चौपटीहून अधिक औषध गेले असते. सुदैवाने नवऱ्याने बाटलीवरचा मजकूर वाचला. औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते आणि ते वजन शेजारणीला ठाऊक नसते, एवढे त्या रात्री पक्के कळले. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर गटात विचारण्यात एक मिनिटही न घालवता थेट डॉक्टरांकडे जावे. तेव्हा शेजारणीकडे मागायचेच असेल तर तिची गाडी मागावी, किंवा थोरल्या मुलाला तासभर सांभाळायला सांगावे.

माणसे कुठे भेटतात

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान जाऊन बसावे, आणि एकदा जाऊन न थांबता निदान पंधरा दिवस सलग जावे. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी ‘किती महिन्यांचं?’ असे विचारते, आणि या दोन शब्दांवर महाराष्ट्रातल्या निम्म्या बालसंगोपनाच्या मैत्र्या उभ्या आहेत असे मला वाटते. आपल्या बाळापेक्षा सहा महिने ते एक वर्ष मोठे मूल असलेली आई शोधावी. बरोबरीच्या बाळाची आई सोबतीला चांगली. पण तिलाही तेच प्रश्न पडलेले असतात. दहा वर्षांच्या मुलाच्या आईला मात्र अंगावरचे दूध तोडताना आपण काय केले होते हे फारसे आठवत नाही. ती ठामपणे सांगते, पण ते बरेचदा आठवणीतून दुरुस्त झालेले असते.

दुसरी जागा अंगणवाडी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनेक मुली ‘ती आपल्यासाठी नाही’ असे समजून तिकडे फिरकत नाहीत, हा निव्वळ गैरसमज आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली ० ते ६ वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांच्यासाठी ही व्यवस्था आहे. तिथे बाळाचे वजन नोंदले जाते, आणि सेविकेला आपल्या भागात कोणाकडे किती महिन्यांचे मूल आहे हे साधारण तोंडपाठ असते. ‘ताई, माझ्या बाळाच्या वयाची आणखी कोणती बाळं आहेत इथे?’ एवढा एक प्रश्न तिला विचारून बघावा. खेड्यात हेच काम आशाताई आणि महिन्यातून एकदा होणारा ग्राम आरोग्य व पोषण दिन करतो. लसीकरणाच्या रांगेतही ओळखी होतात. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशींना त्याच वयाची बाळे पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यामुळे तिसऱ्या खेपेला नाव विचारायला संकोच उरत नाही.

तिसरी जागा सणांची. मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा काळ घरोघरी जाण्यासाठी आयता मिळतो. बोरन्हाणाला आजूबाजूची सगळी लहान मुले बोलावायची रीतच असल्यामुळे, नव्याने राहायला आलेल्या आईने पहिल्याच संक्रांतीला बोरन्हाण करावे, असे मी आग्रहाने सांगेन. हलव्याचे दागिने नसले तरी चालतात. (बोरे आणि उसाचे करवे मात्र अगदी लहानांच्या हाती लागू देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यापुरते चुरमुरेही उचलून ठेवावेत.) हळदीकुंकवाचे बोलावणे करताना सोसायटीतल्या एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला, मग ती विधवा असो वा घटस्फोटित, वगळू नये. आधाराची गरज तिला इतरांपेक्षा जास्त असते आणि नेमके तिलाच बोलावणे जात नाही.

शेजारी तेलुगू, हिंदी किंवा मल्याळम बोलणारे असतील तरी अडत नाही. बाळाच्या शी-शूविषयी बोलायला फार मोठा शब्दसंग्रह लागत नाही. आणि बागेत मुलांना आणणाऱ्या बाबांना टाळू नये. आमच्या इमारतीतल्या पाळणाघरांची सर्वांत बारकाईने केलेली पाहणी एका बाबांनीच केली होती.

प्रश्न कसा मांडावा

‘पाळणाघर कोणतं चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त एक नाव मिळते, आणि त्या नावाचा उपयोग थोडा असतो. त्याऐवजी असे विचारावे: ‘तुम्ही मुलीला तिथे किती महिने ठेवलंत? एका मावशीकडे किती बाळं होती? दुपारी अचानक गेलात तेव्हा काय दिसलं? सोडलंत तर का सोडलंत?’ मत मागितले की माणूस मत देतो, आणि घडलेले विचारले की घडलेले सांगतो. शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही, कारण तक्रार आपणहून सांगायला बहुतेकांना जड जाते; पण विचारल्यावर ती निघते. नोकरी करणाऱ्या आयांनी आणखी एक गोष्ट परस्परांना विचारून घ्यावी. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हे कायद्यात आहे. पण ते प्रत्यक्ष मिळवताना अर्ज कोणाकडे करायचा आणि कोणत्या शब्दांत करायचा, हे त्याच भागातल्या कार्यालयांतून जाऊन आलेली बाईच सांगू शकते.

प्रश्नात बाळाचे वय महिन्यांत सांगावे, आपण काय करून पाहिले ते एका वाक्यात सांगावे आणि उत्तर कधीपर्यंत हवे तेही सांगावे. बाळाच्या अंगावरच्या पुरळाचे छायाचित्र दोनशे जणांच्या गटात टाकू नये. ज्यांचे मत हवे त्या एकीला दाखवावे, आणि खरे तर डॉक्टरांना दाखवावे. कामाच्या मावशींचा क्रमांक त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला देऊ नये. एखाद्या डॉक्टरांचा वाईट अनुभव आला असेल तर तो प्रत्यक्ष भेटीत, काय घडले तेवढेच सांगावे.

आलेला सल्ला चाळून घेणे

सल्ला देणाऱ्या काकूंचा मान ठेवून सल्ला न पाळणे ही एक कलाच आहे. बाळगुटीचे उदाहरण घेऊ. सहाणेवर उगाळलेली गुटी, पहिल्या दिवशीचे मधाचे बोट, पोटदुखीला ओवा-बडीशेपेचे पाणी, हे सांगणाऱ्या काकूंचा हेतू निर्मळ असतो. तथापि पहिले ६ महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचीही भूमिका आहे. मधाविषयी तर अधिकच सावध राहावे लागते, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होण्याचा धोका असल्याने १ वर्षाच्या आत मध वर्ज्यच आहे. अशा वेळी वाद घालू नये. ‘काकू, डॉक्टरांनी सहा महिने काहीच देऊ नका म्हणून बजावलंय, तुमची कृती मी लिहून ठेवते’ असे म्हणावे. मी खरोखरच लिहून ठेवते. त्याच काकूंनी सांगितलेली नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून सत्त्व करण्याची रीत सातव्या महिन्यात मला उपयोगी पडली, आणि त्यांना ते कळवल्यावर गुटीचा विषय आपोआप मागे पडला.

‘आमचा तर नवव्या महिन्यात चालायला लागला’ हे वाक्य सल्ल्याच्या रूपात येत नाही, म्हणून अधिक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीप्रमाणे निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते १८ महिने इतका रुंद आहे. हे एकदा मनात बसले की शेजारचे बाळ मोजपट्टी वाटत नाही. मात्र १८ महिने उलटूनही मूल चालत नसेल, किंवा आलेले शब्द गमावू लागले असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या दिलाशावर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे मुलांच्या वाढीतला विलंब लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे आहेत; तिथे जाऊन आलेले पालक गाठावेत. त्या वाटेवरच्या पालकांची एक भेट इतर वीस जणांच्या धीर देण्याहून अधिक कामाची ठरते, कारण कोणत्या दिवशी गेले म्हणजे रांग कमी असते इथपासून घरच्यांना कसे सांगायचे इथपर्यंत सगळे त्यांना माहीत असते.

गटात कोणी दुधाच्या पावडरीची किंवा बाटलीची फार वाखाणणी करू लागले, तर त्यामागे विक्री आहे का हे पाहावे. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने २ वर्षांखालील बाळांच्या अशा वस्तूंची जाहिरात करायलाच मनाई केली आहे. काही आयांना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागते. त्यांना गटात कमीपणा वाटेल असे बोलणे हाही तितकाच मोठा दोष आहे, आणि तो आपल्याकडे फार आढळतो.

सल्ला नको, फक्त ऐकणारे हवे असेल तेव्हा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत विनाकारण रडू येणे अनेकींना होते आणि ते ओसरते. ते त्यापुढेही राहिले, बाळ झोपले असतानाही झोप लागेनाशी झाली, बाळाला हात लावावासा वाटेना किंवा आपण नसतो तर बरे झाले असते असे मनात येऊ लागले, तर तो आळस नव्हे, नखरा नव्हे, दृष्टही नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे तर जावेच. शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अहोरात्र मराठीतही बोलता येते. अशा वेळी शेजारच्या आईने करायचे काम निराळे असते. तिने सांगायचे कमी आणि बसायचे जास्त. ‘मलाही असंच व्हायचं, मग मी सरळ योगा सुरू केला’ हे त्या क्षणी बोलू नये. बाळाला दोन तास घ्यावे, डबा द्यावा आणि दवाखान्यात सोबत जावे. ज्या आईला मदत हवी आहे तिनेही ‘मला कसंतरी होतंय’ असे मोघम न बोलता ‘मंगळवारी अकराला माझ्याबरोबर येशील का?’ असे नेमके मागावे. नेमक्या मागणीला नकार क्वचितच मिळतो.

चार-सहा जणींचे जमले की शनिवारी सकाळी एकीच्या घरी तासभर बसण्याचा प्रघात पाडता येतो. आम्ही तो भिशीसारखा चालवतो. भिशीत जशी दर खेपेला एकीची पाळी लागते, तशी इथे दर शनिवारी एकीची बोलायची पाळी असते आणि बाकीच्या तिला अर्ध्यावर तोडत नाहीत. खायला चहा आणि बिस्किटे एवढेच, असा नियम पहिल्याच दिवशी करावा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी पावभाजी करते आणि चौथ्या आठवड्यापासून यजमानीणबाईंना ते ओझे होऊ लागते.

सल्ला कामी आला की नाही, हे सांगणाऱ्याला आठवडाभरात जाऊन सांगावे, आणि आला नसेल तरी सांगावे. पाळणाघर बंद झाले, लसीचा वार बदलला, डॉक्टरांनी वेळ बदलली, अशा नोंदी एका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या महिन्यात समोरच्या मजल्यावर नवे बाळ आले की त्या आईला कालबाह्य पत्ता हाती पडणार नाही. आमच्या गटातली ती वही सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या बाळाला दोन महिने पूर्ण व्हायचे आहेत.