‘इन द निक ऑफ टाइम’ कधी वापरावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या इंग्रजी निबंधांत हा वाक्प्रचार अनेकदा चुकीच्या जागी येतो, आणि या चुकीचे मूळ आपल्या ‘ऐनवेळी’ या शब्दात आहे. ऐनवेळी मदत मिळते, तसाच ऐनवेळी माणूस पाठही फिरवतो. मराठीत दोन्ही चालते. इंग्रजी वाक्प्रचार मात्र केवळ पहिल्या अर्थाचा आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर नुकसान अटळ होते, पण ते टळले, एवढे घडले असेल तरच तो वापरावा.

‘निक’ म्हणजे खाच. सोळाव्या शतकातील इंग्रजीत नेमक्या निर्णायक क्षणाला नुसते ‘निक’ म्हणत. ‘ऑफ टाइम’ ही जोड सतराव्या शतकात मिळाली.

खानापूरकडे भाताच्या मळणीच्या दिवसांत आभाळ अचानक भरून येते. घरच्यांनी धावाधाव करून रास ताडपत्रीने झाकली आणि लगेच पाऊस कोसळला, तर ‘वुई कव्हर्ड द पॅडी इन द निक ऑफ टाइम’ हे वाक्य चपखल बसते. शंका आल्यास वाक्यापुढे ‘नाहीतर’ जोडून पाहावे: नाहीतर रास भिजली असती. साडेआठची निपाणीची बस साडेआठलाच आली, तर पुढे ‘नाहीतर’ काही सुचत नाही. तिथे साधे ‘ऑन टाइम’ पुरे.

‘निक’च्या आधीचा ‘द’ गाळू नये. जोर द्यायचा असल्यास आरंभी ‘जस्ट’ घालावा. हा वाक्प्रचार बहुधा घडून गेलेल्या गोष्टीसाठी येतो; ‘उद्या इन द निक ऑफ टाइम या’ असे कोणालाही सांगता येत नाही, कारण थोडक्यात बचावणे आधी ठरवून होत नसते.

मग ऐनवेळी झालेल्या दग्यासाठी काय लिहावे? ‘अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा मालक दिवसाच्या अकराव्या तासालाही मजूर कामावर घेतो. सूर्योदयापासून दिवसाचे बारा तास मोजण्याची ती रीत, म्हणजे संध्याकाळी साधारण पाचची वेळ. दिवस संपत आलेला असतो, एवढेच त्यातून कळते. पुढे काम साधले की बिघडले, हे वाक्यातील क्रियापद सांगते. म्हणून मळणीसाठी ठरवलेला ट्रॅक्टरवाला आदल्या रात्री नाही म्हणाला, तर ‘ही बॅक्ड आउट अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’ असेच लिहावे.