अडलेल्या इंग्रजी शब्दाचा माग कसा काढायचा

जुनी इंग्रजी प्रवासवर्णनं आणि पत्रं मराठीत आणणं हे माझं काम. त्यात शब्द अडतोच. अडला की हात लगेच मोबाइलकडे जातो, तो जरा आवरा. आधी ते वाक्य पुन्हा वाचा, मागचं-पुढचं पान वाचा. मग वहीत टिपून घ्या: पूर्ण वाक्य, पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल, लेखक कुठला, कोणत्या पेशातला, आणि शब्द नाम म्हणून आलाय की क्रियापद म्हणून. खाली आपला अंदाज लिहा. कोश उघडल्यावर आपल्याला सुरुवातीपासून तेच वाटत होतं असा भास होतो, म्हणून अंदाज आधीच कागदावर हवा.

ही टिपणं किती उपयोगी पडतात ते 'थोल' या शब्दावरून बघा. दर्यावर्दीच्या रोजनिशीत थोल म्हणजे नावेच्या काठावरची, वल्हं टेकवायची खुंटी. स्कॉटलंडहून आलेल्या पत्रात तोच शब्द क्रियापद म्हणून आला तर अर्थ होतो 'सोसणं'. स्पेलिंग एकच, पण हे दोन निराळे शब्द आहेत आणि मोठ्या कोशात त्यांच्या नोंदीही निराळ्या असतात. पहिली नोंद वाचून कोश मिटू नका.

शब्द कुठेच सापडत नसेल तर आधी अक्षरांवर संशय घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत छापील इंग्रजीत लांब 'एस' वापरला जाई. तो 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे संगणकानं वाचलेल्या मजकुरात 'सेल'चं 'फेल' होतं. 'आर' आणि 'एन' चिकटले की 'एम' दिसतो. म्हणून पानाचं मूळ चित्र मोठं करून बघाच. एखादं अक्षर लागत नसेल तर वनलुक या संकेतस्थळावर त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शोधता येतं.

आता कोश. माझा सगळा भरवसा ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशावर आहे. पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागानं निघाली. तिचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. अद्ययावत ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती मिळते. या कोशात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं असतात. आपल्या पुस्तकाच्या सालाजवळचं अवतरण शोधा आणि त्याचाच अर्थ धरा. ही सवय ओळखीच्या शब्दांनाही लावा, कारण खरा दगा तेच देतात. १६११च्या इंग्रजी बायबलात 'प्रिव्हेंट' म्हणजे अडवणं नव्हे, तर आधी जाणं, पुढे होणं. असा शब्द वाचताना अडतच नाही, म्हणून चूक तशीच पुढे जाते.

शब्द एखाद्या धंद्याचा किंवा मुलखाचा वाटला तर थेट त्याच्या कोशाकडे वळा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या बोलींसाठी जोसेफ राइट यांचे सहा खंड (१८९८ ते १९०५), जहाजांच्या शब्दांसाठी अ‍ॅडमिरल स्मिथ यांचा १८६७चा कोश, कायद्यासाठी ब्लॅक यांचा कायदेकोश, आणि हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन'. या शेवटच्या कोशात 'चुनाम' बघा, आपला चुनाच भेटेल.

कोश संपले तरी वाट संपत नाही, आणि मला तर खरी गोडी इथूनच लागते. गूगल बुक्समध्ये शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि काळाची मर्यादा घाला. जोडीला 'म्हणजे', 'ज्याला म्हणतात' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द द्या, कारण जुने लेखक अनोळखी वस्तूचा खुलासा बहुधा तिथल्या तिथे करतात. मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या तर सोनं आहेत. घागर आणि पातेलं यांच्यामध्ये आलेला शब्द भांड्याचाच असण्याचा संभव मोठा.

एकाच ठिकाणी अर्थ मिळाला तर मात्र थांबा, कारण कोशातही भुतं असतात. वेब्स्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात 'डोर्ड' असा शब्द 'घनता' या अर्थानं छापला गेला. मुळात ती संपादकांची चिठ्ठी होती, घनतेसाठी (डेन्सिटी) वापरायच्या 'डी' या संक्षेपाची: मोठा डी किंवा छोटा डी. 'किंवा'साठीचा इंग्रजी शब्द दोन अक्षरांमध्ये चिकटला आणि नवा शब्द जन्मला. १९३९मध्ये एका संपादकाला दिसलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही, तेव्हा ते उघड झालं. तेव्हा व्युत्पत्ती आणि किमान एक स्वतंत्र अवतरण पाहिल्याशिवाय अर्थ पक्का धरू नका.

मिळालेला अर्थ मूळ वाक्यात बसवून बघा, मग त्याच काळातल्या दुसऱ्या लेखकाच्या वाक्यात. दोन्हीकडे बसला तर वहीतल्या अंदाजाशी ताडून घ्या. नाहीच बसला तर त्या धंद्यातल्या माणसाला विचारा: विणकराला, सुताराला, नाव चालवणाऱ्याला. विचारताना सुटा शब्द सांगू नका, पूर्ण वाक्य वाचून दाखवा आणि आपला अंदाज शेवटपर्यंत मनातच ठेवा.