मार्कपासून सुरुवात करा, आणि मोठ्याने वाचा

दरवर्षी जानेवारीत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी ना कुणी ठरवतं की यंदा बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचं. उत्पत्ती भराभर संपतं. निर्गमाचा पहिला भाग, तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत, एका दमात वाचून होतो. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, त्यामागून लेवीय या पुस्तकातली होमार्पणं आणि अन्नार्पणं येतात, आणि फेब्रुवारीत पुस्तकातली खूण तिथेच अडकून राहते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण माणूस दोष स्वतःला देतो. आपला विश्वासच कमी पडला म्हणतो. विश्वास कमी नसतो. सुरुवात कुठून करायची हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच.

म्हणून ज्यांना वचनात, म्हणजे बायबलात, आणि मंडळीच्या जीवनात वाढायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी, आणि लहानपणी शब्बाथशाळेत, मंडळीतल्या मुलांच्या वर्गात, सगळं ऐकून पुढे सुटून गेलेल्यांसाठीही.

आधी हातात काय घ्यावं

घरात जे मराठी बायबल असेल तेच घ्या. नवं घ्यायचं असेल तर बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र सहज मिळतं. त्यात 66 पुस्तकं असतात. कॅथलिक बायबलमध्ये 73 असतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आजच्या मराठीत आहे. जुनी भाषा जड जात असेल तर ते जरूर पाहा. सोप्या मराठीची ही ओढ काही आजची नाही. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा भाषेत वचन हवं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावी आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी भाषांतराला दिली. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस काम पुरं झालं होतं. छापील बायबल त्यांच्या माघारी आलं. एखादा शब्द अडला की मला हे आठवतं, आणि तो शब्द ओलांडून पुढे जावंसं वाटत नाही.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळतं, ऐकताही येतं. प्रवासात ते छान. पण रोजच्या वाचनाला कागदाचं पुस्तक, पेन्सिल आणि शंभर पानी वही ठेवा. मोबाइलवर मधेच निरोप येतो आणि मन तिकडे जातं.

सोळा दिवस मार्क

येशूची जीवनकथा सांगणारी चार पुस्तकं बायबलात आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. मार्क हे त्यांतलं सगळ्यांत छोटं, सोळाच अध्याय. रोज एक घ्या, आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळखीच्या ओळींवरून घसरतात. जीभ घसरू देत नाही. एका अध्यायाला दहा मिनिटंही लागत नाहीत.

एकदा गोष्ट म्हणून वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, सावकाश. जिथे अडाल, जिथे नवल वाटेल, तिथे समासात खूण करा. मग वहीत दोनच ओळी लिहा: आज काय दिसलं ते एका ओळीत, आणि त्यावरून सुचलेली प्रार्थना दुसऱ्या ओळीत.

चौथ्या अध्यायाचा शेवट घ्या. समुद्रात वादळ उठलंय, लाटा तारवात शिरताहेत, आणि येशू मागच्या बाजूला झोपलाय. डोक्याखाली उशी घेऊन. हीच गोष्ट मत्तय सांगतो, लूकही सांगतो, पण उशी फक्त मार्कात आहे. मी ही गोष्ट किती वर्षं ऐकत होते, पण उशी पहिल्यांदा दिसली ती मोठ्याने वाचताना. दिवसभर लोकांना शिकवून थकलेला माणूस. शिष्य त्याला उठवतात तेव्हा त्यांचा सूर प्रार्थनेचा नाही, तक्रारीचा आहे: आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? तरी तो उठतो. वारा आधी शांत करतो, शिष्यांना बोलतो ते नंतर. त्या दिवशी वहीत मी लिहिलं होतं, ‘तक्रार घेऊन गेलं तरी तो उठतो.’ त्यानंतर बरेच दिवस माझ्या प्रार्थनेला हे एक वाक्य पुरलं.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते ‘आजचं वचन’ मानायचं, हे मात्र करू नका. वचनांच्या चिठ्ठ्या उचलण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, त्यामागचा भाव मी समजू शकते. पण एकच वाक्य उचललं की ते कुणी कुणाला म्हटलं हे मागे राहतं.

मार्काच्या शेवटच्या अध्यायात आठव्या वचनानंतर, म्हणजे आठव्या क्रमांकाच्या ओळीनंतर, टीप दिसली तर गोंधळू नका. सगळ्यांत जुन्या काही हस्तलिखितांत पुढचा भाग नाही, म्हणून ती टीप असते. मनात प्रश्न आला तर वहीत लिहा आणि पाळकसाहेबांना, मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारा. असे प्रश्न विचारल्याने विश्वास ढळत नाही.

मार्क संपल्यावर

मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय घ्या, डोंगरावरचं प्रवचन. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी प्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला. ते वाचत वाचत या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला पुढे आणखी काही वर्षं लागली. घरातलं एक माणूस पुढे गेलं आणि दुसरं थांबलं असेल, तर ओढाताण करू नका.

त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग वाचा. दोन्ही एकाच लेखकाची, मिळून 52 अध्याय. मग प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र. चारच अध्याय, तुरुंगातून लिहिलेले, आणि त्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. उत्पत्ती आणि निर्गम त्याच्यापुढे. सगळं बायबल वर्षात वाचायचं तर रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले की होतं, पण ते दुसऱ्या वर्षी करा.

रात्री झोपण्याआधी बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. तेविसावं सगळ्यांना पाठ असतं. तेराव्यापाशी जरा थांबा: सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. देवापुढे गोडच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन मुद्दाम वाचावीत.

‘तुम्ही’ म्हणजे कोण

मराठी बायबलात एकट्या माणसाला ‘तू’ म्हणतात. येशूलाही तू, देवालाही तू. म्हणजे ‘तुम्ही’ आलं की ते आदरार्थी नसतं, समोर अनेक माणसं असतात. ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा’ हे एकट्याला सांगितलेलं नाही. पौलाची बहुतेक पत्रं मंडळ्यांना लिहिलेली आहेत. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तर तो सांगतो की हे तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशीच ही पत्रं पहिल्यांदा लोकांपर्यंत गेली.

हे मला उशिरा कळलं. मंडळीतल्या निवडणुकीच्या भांडणात मन दुखावलं आणि मी दोन वर्षं उपासनेला गेले नाही. घरी वाचन चालू होतं, त्यामुळे आपलं ठीक चाललंय असं वाटायचं. मग एकदा वही चाळली. तीच चार-पाच स्तोत्रं, त्याच ओळी. मला पटतं तेवढंच मी वाचत होते.

परत गेले ती बुधवारच्या वचन अभ्यासाला. लूकचा पंधरावा अध्याय चालू होता, उधळ्या मुलाचा दाखला: धाकटा मुलगा वाटणी उधळून घरी परततो आणि बाप मेजवानी देतो. मला वाटलं, यात नवीन काय असणार. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका म्हणाले, ‘‘बाप घराबाहेर दोनदा आलाय. धाकट्यासाठी धावत आला, आणि थोरला रुसून आत येईना तेव्हा त्याची समजूत घालायलाही आला.’’ मी ती दोन वर्षं अंगणात रुसून उभी होते. घरी एकटीने कितीही वाचलं असतं तरी हे मला दिसलं नसतं.

मंडळी कशी शोधावी, तिथे काय करावं

घराजवळची शोधा, म्हणजे रविवारखेरीज बुधवारीही जाता येईल. वचन वाचून समजावलं जातं का, वार्षिक सभेत हिशेब मांडला जातो का, प्रश्न विचारलेला चालतो का, हे पाहा. जिथे औषध बंद करायला सांगतात, प्रार्थनेसाठी पैसे मागतात किंवा एकाच माणसाचा शब्द अंतिम असतो, तिथून निघून या. डॉक्टरांचं औषध आणि प्रार्थना दोन्ही एकाच घरात सुखाने राहतात.

पहिल्या रविवारी दहा मिनिटं आधी पोहोचा. गीतांचं पुस्तक मागून घ्या, शेजारच्यांना सलाम करा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस, घेण्याची रीत मंडळीगणिक वेगळी असते, म्हणून आधीच पाळकांना विचारा. उपासना संपली की लगेच निघू नका. ओळखी होतात त्या चहापाशीच.

महिन्याला एक भजन पाठ करा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणताना शास्त्र नकळत तोंडात बसतं. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी गोव्यात 1616 साली छापलेलं ख्रिस्तपुराणही ओवीबद्ध आहे, नव्या ख्रिस्ती लोकांना मिळून वाचता-म्हणता यावं म्हणून रचलेलं. आपल्या भाषेत ही गोष्ट चारशे वर्षं गायली जातेय.

महिनाभराने एक काम मागून घ्या. खुर्च्या मांडणं, मुलांच्या वर्गाला मदत, फुलं, झाडलोट, काहीही. तीन महिने नेमाने करा. पाहुणा म्हणून बसलेल्याला मंडळी कळत नाही. सतरंज्या उचलणाऱ्याला कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची नोकरी गेली, हे आपोआप कळतं. मग प्रार्थनेत नावं येतात.

कोरडे दिवस आले तर

ते येतातच. वाचून काहीच वाटत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. अशा वेळी वाचन थोडं कमी करा, पण सोडू नका. दहा वचनं पुरेत. आठवड्याचा खंड पडला तर राहिलेले अध्याय भरून काढत बसू नका. आजच्या दिवसापासून वाचा.

आणि दुसऱ्या कुणासाठी वाचा. प्रत्येक मंडळीत एखाद्या काकू, आजोबा असतात, ज्यांची दृष्टी गेलीय, ज्यांना रिक्षेत बसवून उपासनेला आणणं आता जमत नाही. रविवारी दुपारी अर्धा तास त्यांच्याकडे जा. काय वाचू, हे त्यांनाच विचारा. सावकाश वाचा, मधे त्या बोलल्या तर बोलू द्या, निघताना त्यांनाच प्रार्थना करायला सांगा.

आमच्या शेजारच्या काकूंना मी असं वाचून दाखवते. गेल्या महिन्यात मार्कातलं वादळ वाचत होते. उशीपाशी आले तशी त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, ‘‘थांब. तेवढं परत वाच.’’ मी परत वाचलं. त्यांनी चाचपडत स्वतःची उशी जरा वर ओढली, डोकं टेकलं आणि म्हणाल्या, ‘‘हं, आता पुढे.’’