कॉलेज लायब्ररीसाठी आरएफआयडी घेताय? मग आधी हे बघा

पहिलं काम म्हणजे कोटेशन मागवणं नाही, आधी पुस्तकं मोजा आणि रद्दीत जाणारी बाजूला काढा, कारण आरएफआयडीत प्रत्येक पुस्तकात रेडिओलहरींनी वाचता येणारा चिपचा टॅग चिकटवावा लागतो आणि त्याचा खर्च प्रत्येक पुस्तकामागे पडतो. नंतर तुमचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर, कोहा असो नाहीतर सोल, एसआयपी२ वर (लायब्ररी सॉफ्टवेअर आणि मशीन यांच्यातली बोलण्याची ठरलेली पद्धत) किऑस्कशी, म्हणजे पुस्तकं स्वतः घ्यायच्या-परत करायच्या मशीनशी, बोलतं का ते विचारा, कोहात त्याचा सर्व्हर आतच असतो.

जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) बिड टाकताना १३.५६ मेगाहर्ट्झचे आयएसओ १५६९३ टॅग आणि त्यावरचा डेटा आयएसओ २८५६० प्रमाणे, ही सगळ्या कंपन्यांसाठी खुली मानकं स्पष्ट लिहाच, नाहीतर पुढे जन्मभर एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दरही आत्ताच लिहून घ्या.

डेमोला आपली पुस्तकं न्या. आमच्याकडे चमकत्या फॉइलच्या कव्हरचं एक पुस्तक चोरी पकडणाऱ्या गेटमधून चार वेळा नेलं, एकदाही बीप नाही! टॅग मागच्या कव्हरच्या आत, बांधणीजवळ लावा, पण प्रत्येक पुस्तकात थोडा वरखाली, म्हणजे गठ्ठा ठेवला तरी एकमेकांवर येत नाहीत. गेटजवळ लोखंडी कपाट नको.

आणि किऑस्कची स्क्रीन मराठीत मागा, पहिल्या वर्षाची पोरं बिनधास्त वापरतात.