कर्नल कोसळल्यास कारण कसे शोधावे

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कोसळून यंत्र गोठले की हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो आणि नेमका तिथेच पुरावा हरवतो. पडद्यावर मजकूर उमटला असेल, तर यंत्र बंद करण्यापूर्वी त्याचा फोटो घ्यावा. लिनक्स पुन्हा सुरू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ (journalctl -k -b -1) ही आज्ञा दिली, की मागच्या सत्रातील कर्नलच्या नोंदी दिसतात. मात्र जर्नल, म्हणजे या नोंदींचा साठा, डिस्कवर कायम साठवले जात असेल तरच, आणि तेव्हाही पॅनिकच्या (कर्नल पूर्ण थांबतानाच्या) शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतातच असे नाही.

म्हणून केडंपची, म्हणजे कोसळतेवेळची मेमरी जतन करण्याची, सोय आधीच करून ठेवावी. बूटच्या वेळी ‘क्रॅशकर्नल’ पॅरामीटरने थोडी मेमरी राखून ठेवली जाते आणि तिथे दुसरा कर्नल तयार असतो. मुख्य कर्नल कोसळताच तो ताबा घेऊन मेमरीची प्रत डिस्कवर उतरवतो. सर्व कामे जतन करून, सिसआरक्यू-ट्रिगर (/proc/sysrq-trigger) या फाइलमध्ये ‘सी’ (c) लिहून कर्नल एकदा मुद्दाम पाडावा आणि प्रत खरोखर तयार होते का, हे पाहावे. ही चाचणी टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नोंदी वाचताना पहिला ‘ऊप्स’, म्हणजे कर्नलने स्वतःतली चूक नोंदवणारा संदेश, शोधावा, कारण त्यानंतरचे बरेचसे संदेश त्याच्याच पडझडीतून आलेले असतात. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरच्या) यंत्रावर ‘आरआयपी’च्या ओळीत, कर्नल कोणत्या फंक्शनमध्ये अडकला, ते नाव असते. समजा, ‘नल पॉइंटर’ची, म्हणजे कुठेच न नेणाऱ्या मेमरी-पत्त्याची, तक्रार आहे आणि पत्त्यात नुसती शून्ये असून शेवटी १८ आहे. हा आकडा षोडशमान पद्धतीतला, म्हणजे २४. पॉइंटर रिकामा असताना त्याच्या स्ट्रक्चरमधील (माहितीच्या गटातील) २४व्या बाइटवरचा घटक वाचायला कर्नल गेला, असा त्याचा बहुधा अर्थ निघतो. खालच्या कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे एकामागून एक बोलावलेल्या फंक्शनच्या यादीत, एखाद्या फंक्शनपुढे चौकटी कंसात मॉड्यूलचे (ड्रायव्हरसारख्या, कर्नलला जोडलेल्या भागाचे) नाव दिसल्यास तपास तिथून सुरू करावा. नोंदीतील ‘टेंटेड’ या, कर्नलवर खूण असल्याचे सांगणाऱ्या शब्दापुढील ‘ओ’ हे अक्षर कर्नलच्या मूळ स्रोताबाहेरचे मॉड्यूल लोड झाल्याचे सांगते. त्याने दोष सिद्ध होत नाही, पण ते मॉड्यूल काढून पाहणे हे पुढचे पाऊल ठरते.

मेमरीची प्रत ‘क्रॅश’ या साधनात उघडताना अगदी त्याच बिल्डचा, डिबग माहिती असलेला व्हीएमलिनक्स (कर्नलची मूळ फाइल) लागतो. तिथे ‘लॉग’ (नोंदी) आणि ‘बीटी’ (कॉल ट्रेस) या आज्ञांपासून सुरुवात करावी.

दर वेळी वेगळ्याच, एकमेकांशी संबंध नसलेल्या फंक्शनमध्ये कर्नल कोसळत असेल, तर ड्रायव्हरमागे लागण्याआधी मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची तपासणी, रात्रभर चालवावी. कोसळणे कर्नल अद्ययावत केल्यानंतरच सुरू झाले असेल, तर बूट मेनूमधून जुना कर्नल निवडून तेच काम पुन्हा करून पाहावे.